सीट फिरवून

कळंबोलीचं गिऱ्हाईक दुपारी तीनला आलं.
मागच्या आर्मच्या पिनेपाशी उकिडवं बसून
त्याने बकेट दोन्ही हातांनी हलवली.
खडखड झालं.
"बुश गेलेत, वहिनी," म्हणाला,
जणू माझेच गुडघे तपासून.

मीटरवर अकरा हजार चारशे तास.
त्यातले निम्मे माझ्या वहीत आहेत:
डिझेल, ग्रीस, बकेटचे दात, जालिंदरचा भत्ता,
महापेच्या कंपनीकडून अजून न आलेले सव्वीस हजार.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे आले
तेव्हा ह्यांनी ही मशीन घेतली,
आणि ज्या खाजणात सासऱ्यांनी मीठ ओढलं
तिथेच भराव टाकायला गेले, तासाला सातशेने.
मी काही बोलले नाही. हिशेब बरोबर होता.

पुतण्या मयूरेश म्हणतो, काकी, हिला काढ आता.
त्याच्याकडे मिनी आहे, साडेतीन टनी.
रबरी पट्ट्यांवर मांजरासारखी चालते,
पेव्हर ब्लॉकवर ओरखडा नाही,
उभ्या जागी कंबरेतून गोल फिरते
आणि शेपूट भिंतीला लागत नाही.
"तुझ्या मशीनला खणायचं म्हटलं तर
आधी दोन्ही बाजूंना पाय पसरायला लागतात."
खरं आहे.
आमच्या गावठाणात आता दोन घरांमधून
छत्री मिटून जावं लागतं,
तिथे ती कुठे पाय पसरणार.

जालिंदरला विचारलं. तो बीडचा, कमी बोलतो.
म्हणाला, मिनी खणते चांगलं.
पण खणलेलं उचलून डंपरात कोण टाकणार?
आणि तिला ऐरोलीला न्यायचं तर टेम्पो बोलवा,
टेम्पोवाल्याचा फोन लागू द्या.
ही आपल्या पायांनी जाते.
जरा थांबून म्हणाला,
वाटेत चहाला थांबवली तरी कुणी भाडं लावत नाही.

गेल्या मंगळवारी रात्री तळवलीत पाण्याची लाइन फुटली.
आमची गल्लीच्या तोंडाशी अडली, आरसा मोडून मागे आली.
मयूरेशची मिनी आत गेली.
तासाभरात पाइप उघडा, प्लंबर खड्ड्यात,
सुगंधाबाईच्या ओट्यावरचं सुकटीचं फळकूट
जागच्या जागी.
चिखल मात्र गुडघाभर साचला होता बाहेर.
तो आम्ही उचलला, पहाटेपर्यंत.
मिनीचे अडीच तास, वर टेम्पो.
आमचे चार.
सकाळी दोन्ही बिलं शेजारी ठेवून पाहिली.
काही सिद्ध झालं नाही.

त्याच रात्री केबिनपाशी चहा घेऊन गेले होते.
जालिंदरने पुढे बघत शेवटची माती लोटली,
मशीन उभी केली, पाय टेकवले,
कळ ओढली
आणि सीटसकट मागे वळला,
चर खणायला.
आता स्टेअरिंग त्याच्या पाठीशी.
पंधरा वर्षं मी हे रोज बघते
आणि दर वेळी वाटतं, हा आता पुढचं विसरला.
मिनीत बसलेल्याला हे करावं लागत नाही.
तो वळला की त्याचं सगळंच वळतं.
मला हेवा वाटला, थोडी कीवही आली,
कुणाची ते कळलं नाही.

गिऱ्हाईकाने साडेसात लाख सांगितले.
मी आठ म्हटलं,
आणि आकडा तोंडातून गेल्यावर घाबरले,
हा हो म्हणाला तर?
"विचार करून फोन करतो," म्हणाला.
तो गेल्यावर ग्रीस गन घेऊन
मी त्या पिनेत चार दाब दिले.
बुश बदलायचे तर बावीस हजार.
वहीत लिहिलं, तारीख टाकली नाही.

जालिंदर विचारत होता, उद्या रबाळ्याला सातला निघू?
साडेसहाला, मी म्हटलं.
पुलाखाली अडकशील.